शनिवार-रविवारच्या भटकंतीसाठी कोणतं शहर? कोलोन, लिऑन की डब्लिन

ॲडमिशनची पत्रं हातात आली की नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत प्रत्येक घरात त्याच चर्चा रंगतात. रँकिंग काय, फी किती, शिक्षण संपल्यावर नोकरी मिळेल का. चर्चा योग्यच आहे, घरच्यांचे पैसे लागणार असतात. पण वर्ष-दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये युरोप बघायला खरा वेळ मिळतो तो फक्त शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार तुम्ही ग्रंथालयात, लॅबमध्ये आणि स्वयंपाकघरात असता. म्हणून दोन-तीन पत्रं हातात असतील आणि बाकी तोलामोलाचं असेल, तर सुट्टीत त्या शहरातून कुठे जाता येतं हेही मोजून बघावं. मी जर्मनीत कोलोनला शिकले, माझी मावसबहीण फ्रान्समध्ये लिऑनला होती आणि शाळेतला एक मित्र आयर्लंडमध्ये डब्लिनला. आम्हा तिघांचे शनिवार-रविवार अगदी वेगळे गेले, त्यावरून हे लिहिते आहे.

आधी व्हिसाचं बघू, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपीय देशांचा गट. त्यात आज २९ देश आहेत. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रोमेनिया पूर्णपणे आत आले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंडचं नेमकं उलटं आहे: संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. जर्मनीचा किंवा फ्रान्सचा विद्यार्थी व्हिसा किंवा निवास परवाना असेल, तर बाकी शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. डब्लिनला शिकणाऱ्या भारतीय मुलाला मात्र पॅरिसला जायचं तरी शेंगेन व्हिसा काढावा लागतो. फी ९० युरो, शिवाय अपॉइंटमेंट, बँकेचे कागद आणि प्रवास विमा. बेलफास्ट डब्लिनहून रेल्वेने दोनेक तासांवर आहे आणि वाटेत सीमेवर कुणी अडवतही नाही, पण ते युनायटेड किंगडममध्ये येतं. आपल्या पासपोर्टवर तिथे ब्रिटिश व्हिसा लागतो. आयर्लंडचं निवास कार्ड तिथे चालत नाही. कुणी विचारत नाही म्हणून निघून जाणारी मुलं असतात. तसं करू नका, पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जाला त्याची झळ लागू शकते.

आता पैसा. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधी पैसे भरून ठेवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्य विमा आणि किराणा गेल्यावर फिरायला थोडकंच उरतं. तिथेच डॉइचलांड तिकीट कामाला येतं. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांना बहुतेक विद्यापीठांत ते सवलतीत, सेमिस्टर फीमध्येच मिळतं. देशभरातल्या सगळ्या रीजनल गाड्या, मेट्रो, ट्राम आणि सिटी बस त्यावर चालतात. वेगवान आयसीई आणि इंटरसिटी चालत नाहीत, फ्लिक्सबसही नाही. पण तिकीट आधीच खिशात असलं की विचार करायची पद्धतच बदलते. शनिवारी सकाळी पडदा सरकवायचा, ऊन दिसलं तर निघायचं. आगाऊ बुकिंगची भानगड नाही आणि बेत रद्द झाला तरी पैसे बुडत नाहीत.

कोलोनहून माईन्झकडे आरबी २६ नावाची गाडी जाते, ऱ्हाईनच्या डाव्या काठाने. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. कोब्लेंझपर्यंत बरं वाटतं, त्यानंतर मात्र डोळे खिडकीवरून हलत नाहीत. कोब्लेंझ ते बिंगेन हा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात, उतारावर द्राक्षांचे मळे आणि जवळपास प्रत्येक वळणावर एक किल्ला. समोरच्या काठावर १३२ मीटर उंचीचा लोरेलायचा कडा दिसतो. पुढे काउब गावाजवळ नदीच्या मधोमध खडकावर जहाजाच्या आकाराचा एक छोटा किल्ला उभा आहे. तो होता जकात वसूल करायला. हे कळल्यावर वरच्या किल्ल्यांकडेही वेगळ्या नजरेने बघितलं जातं, कारण या नदीवर शतकानुशतकं येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींकडून पैसा उकळला गेला. सांक्ट गोआरला उतरावं, डोंगरावरून बाखाराखच्या दिशेने चालावं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यावं. खर्च फक्त डब्याचा.

विदर्भातल्या मुलांना मी एसेन आवर्जून सांगते, आणि ते कुठल्याच टूर पॅकेजमध्ये सापडत नाही. कोलोनहून तासाभरावर आहे, स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम. झोलफेराइन ही कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे, आत जायला नारंगी उजेडाचा एक लांबलचक सरकता जिना. ज्यांच्या घरात कुणी उमरेडला, वणीला किंवा चंद्रपूरला खाणीत नोकरी केली आहे, त्यांना तिथे जे वाटतं ते आयफेल टॉवरखाली वाटणार नाही. हजेरीची जागा, दिवे ठेवायची जागा, धुळीने काळवंडलेला पट्टा सगळं ओळखीचं. खाण संपल्यावर त्या गावाचं आणि माणसांचं काय होतं हा प्रश्न आपल्याकडे अजून नीट विचारलाच गेलेला नाही. तिथे तो विचारून, त्यावर काम करून झालेला दिसतो.

बॉन तर अर्ध्या तासावर. लोक बेथोव्हनचं जन्मघर बघायला जातात, तेही बघावंच. पण बाबासाहेबांनी त्या विद्यापीठात नाव नोंदवलं होतं, हे दीक्षाभूमीच्या शहरातून गेलेल्या मुलाला ठाऊक असावं. लंडनचं शिक्षण चालू असतानाचा तो काळ. विद्यापीठाची पिवळसर लांब इमारत आणि तिच्यापुढची हिरवळ दुपारभर बसून राहावी अशी आहे.

आणि कार्निव्हल! फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. गुरुवारी बायका पुरुषांचे टाय कापतात, सोमवारी मोठी मिरवणूक निघते, रथांवरून गोळ्या-चॉकलेटांचा मारा होतो आणि राजकारण्यांचे कागदी लगद्याचे भलेमोठे पुतळे निघतात. शेजारच्या ड्युसेलडॉर्फचे पुतळे तर जास्तच झोंबणारे. हे बघताना नागपूरकराला मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे चिमटे काढणारे पुतळे, आठवल्याशिवाय राहत नाहीत. खरी गंमत मंगळवारी रात्री. प्रत्येक दारूच्या गुत्त्यावर टांगलेला नुबेल नावाचा गवताचा पुतळा खाली उतरवतात. वर्षभराचे गुन्हे कोणाचे? नुबेलचे! पैसे कोणी उडवले? नुबेलने! असा पुकारा करत त्याला रस्त्यावर जाळतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्यापाशी भेटतात आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा एकच गजर होतो, तो ज्यांनी लहानपणी बापाच्या खांद्यावरून बघितला आहे त्यांना कोलोनमध्ये दुभाषी लागत नाही. तुमच्या वर्गातल्या जर्मन मुलांना मारबतीचं सांगा. माझ्या वर्गात त्यानंतर ओळखी पक्क्या झाल्या.

कोलोनची उणी बाजूही आहे. रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद, किराणासुद्धा. मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खानावळही सुट्टीत बहुधा बंद असते. शनिवारी फिरायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच भाजी-दूध आणून ठेवावं लागतं. रीजनल गाडीने बर्लिन किंवा म्युनिक गाठायचं म्हटलं तर अख्खा दिवस डब्यात जातो. गाड्या उशिरा धावतात आणि रविवारी रात्री मधली गाडी चुकली की सोमवारचं सकाळचं लेक्चर गेलंच समजा.

लिऑनमध्ये असं एकच जादूचं तिकीट नाही. २७ वर्षांपर्यंतच्यांना वर्षाला ४९ युरोचं ‘कार्त अवांताज जन’ हे सवलतीचं कार्ड घेतलं की तेजेवेवर, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीवर, तीस टक्के सूट मिळते, पण तारीख आधी ठरवून बुकिंग करावं लागतं. म्हणजे मन लहरी असेल तर लिऑन महाग पडेल आणि आखून फिरायची सवय असेल तर स्वस्त. दोन तासांत पॅरिस. तितक्याच वेळात दुसऱ्या दिशेला ॲनसीचं तळं आणि मागे आल्प्स. अर्ध्या तासात वियेन नावाचं गाव, जिथे रोमन मंदिर भर चौकात उभं आहे आणि लोक त्याच्या शेजारी कॉफी पितात.

संग्रहालयांच्या बाबतीत फ्रान्सला तोड नाही. युरोपीय संघातल्या देशात राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्या कुणालाही पॅरिसचं लूव्र फुकट आहे. नागरिकत्व लागत नाही, निवासाचा कागद लागतो. आपल्याकडची मुलं साधारण बावीस-तेवीसची असताना जातात, म्हणजे वेळ हातात असतो. एका फेरीत सगळं बघायची घाई करावी लागत नाही. एकदा फक्त मेसोपोटेमिया, एकदा फक्त इटालियन चित्रं असं बघता येतं, आणि संग्रहालय तसंच बघावं. कोलोनवालेही याच नियमात बसतात, पण त्यांना पॅरिसचं भाडं पडतं.

लिऑनमध्येच ल्यूमिएर बंधूंचा कारखाना होता. १८९५ मध्ये कामगार त्याच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांनी चित्रित केलं. ती शेड जपून ठेवली आहे, आत थिएटर आहे. त्यांचीच चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि भारतात सिनेमा आला. मावसबहीण मला तिथे घेऊन गेली तेव्हा त्या फाटकापाशी आम्ही दोघी किती तरी वेळ नुसत्या उभ्या होतो. जेवणाचं म्हणाल तर बुशाँ नावाच्या जुन्या खानावळीत वजडीचे पदार्थ असतात. सावजीत खूर-वजडी मागवणारा माणूस तिथे खूश होईल, मसाला मात्र विसरायचा. शाकाहारी असाल तर तिथल्या बाजारातलं चीज, फळं आणि पाव यावर भागवावं लागेल, आणि ते छान भागतं. भाषेचा प्रश्न जर्मनीपेक्षा इथे जास्त टोचतो. ‘बाँजूर’ म्हटल्याशिवाय दुकानात तोंड उघडू नका.

डब्लिनबद्दल वर जे लिहिलं त्यावरून ते टाकाऊ वाटायला नको. इंग्रजी चालतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माणसांशी बोलता येतं, ही लहान गोष्ट नाही. राष्ट्रीय कलादालन आणि राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहेत. डार्ट गाडीने हाउथच्या कड्यांवर शनिवारी सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. गॉलवे अडीच तासांवर आहे, तिथे पबमध्ये कोपऱ्यात बसून माणसं फिडल वाजवतात ती टाळ्यांसाठी नाही, आपल्या भजनी मंडळासारखी एकमेकांसाठी. मोहरचे कडे २१४ मीटर उंच आहेत आणि वारा असा की सरळ उभं राहता येत नाही. माझ्या मित्राने एकाच देशाचा कानाकोपरा पालथा घातला आणि आम्हा दोघींना आपापला देश कळला त्यापेक्षा आयर्लंड त्याला कितीतरी खोल कळलं. पण त्याचं रोमचं स्वप्न कागदपत्रांत अडकलं ते अडकलंच.

स्वस्त विमानांच्या मोहाबद्दल थोडं. वीस युरोचं तिकीट दिसतं खरं. पण पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर लांब आहे. दोन्ही टोकांना बसचं भाडं, बॅगेचे वेगळे पैसे, पहाटे चारला निघणं. काही कंपन्या आपल्या पासपोर्टवाल्यांना काउंटरवर कागद तपासून घ्यायला लावतात. दोन दिवसांतला एक असाच संपतो. लिस्बन, अथेन्स अशा लांबच्या ठिकाणांना विमान घ्यावंच, पण लांब सुट्टीत. साध्या शनिवार-रविवारला रेल्वेच. पासपोर्ट आणि निवास कार्ड दोन्ही जवळ ठेवा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि पोलीस बसमध्येही चढतात. व्हिसा संपलेला आणि कार्ड यायचं बाकी, अशा मधल्या काळात सीमा ओलांडूच नका.

शनिवारी काम करणार असाल तर हिशेब आणखी बदलतो. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, फ्रान्समध्ये ९६४ तास, आयर्लंडमध्ये सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास. हॉटेलात किंवा कॅफेत काम मिळतं ते बहुधा शनिवारीच. अशा वेळी फक्त रविवार उरतो, आणि एका रविवारात सगळ्यात जास्त पदरात टाकणारं शहर कोलोनच.

माझा कौल सरळ आहे. हात आखडून फिरायचं असेल, मनात आलं की निघायचं असेल, तर कोलोन किंवा ऱ्हाईनकाठचं कुठलंही शहर. चित्रं, सिनेमा, खाणं यात जीव रमत असेल, फ्रेंच शिकायची तयारी असेल आणि सव्विसावा वाढदिवस लांब असेल, तर लिऑन. डब्लिन तिथला अभ्यासक्रम आणि नोकरीसाठी निवडा, युरोप दर्शनाच्या भरवशावर नाही.

एक गोष्ट घरी आत्ताच बोलून घ्या. पदवीदान किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-बाबांना बोलवायचं मनात असतं. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये असाल तर त्यांच्या एका शेंगेन व्हिसावर तुमचं शहर, स्वित्झर्लंड, इटली सगळं होतं. डब्लिनला असाल तर तुम्हाला भेटायला आयर्लंडचा व्हिसा वेगळा आणि पुढे फिरायला शेंगेन वेगळा, म्हणजे दोन अर्ज आणि दोनदा फी. बाबांचे गुडघे दुखत असतील तर तेही लक्षात घ्या. ऱ्हाईनची गाडी बसल्या जागी सगळं दाखवते, लिऑनच्या जुन्या भागात आणि फुर्व्हिएरच्या टेकडीवर चढ-उतार फार आहेत. टेकडीवर जायला रोपवेसारखी रुळांवरची गाडी आहे, ती मात्र त्यांना जरूर दाखवा.