फ्लॅट घेताना स्वतःचा एजंट की त्याच्याशिवाय? आम्ही दोन्ही करून बघितलंय

पुण्यात फ्लॅट शोधताय आणि घरचे म्हणतायत की एजंटला कशाला पैसे घालायचे, सगळं तर ऑनलाइन दिसतं, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या, रीसेलमध्ये एजंट बहुतेक वेळा असतोच, प्रश्न एवढाच की तो कोणाचा.

आमचा पहिला फ्लॅट रीसेलचा. जाहिरातीत नंबर होता त्या ब्रोकरला फोन केला आणि त्यालाच आपला माणूस समजून बसलो. "आवडला तर 75 पर्यंत जाऊ" असं त्याला सांगून टाकलं, तो मालकाचा ब्रोकर, मग मालक 74 च्या खाली येईलच कशाला! वर ब्रोकरेज दोघांकडून घेतलं. आणि ट्रान्सफरच्या वेळी सोसायटीने 'डोनेशन' म्हणून 1 लाख मागितले ते पण भरले, ट्रान्सफर प्रीमियमला 25,000 ची मर्यादा आहे आणि त्यावर डोनेशन मागता येत नाही हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी स्वतःचा एजंट धरला, 1 टक्का फी, मालकाकडून काही घेणार नाही हे लेखी. फरक पहिल्याच आठवड्यात कळला. आम्हाला आवडलेल्या सोसायटीतले आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचे सरकारी उतारे) त्याने काढून समोर ठेवले, म्हणजे मालक काय मागतोय ते नाही तर तिथे प्रत्यक्षात कितीला रजिस्टर झालंय ते. एक फ्लॅट तर मला फारच आवडलेला, पण बिल्डिंगला भोगवटा पत्र (राहायला परवानगी असल्याचा दाखला) नव्हतं, त्याने स्पष्ट सांगितलं की घेऊ नका, लोनला अडकाल आणि पुढे विकताना पण. मालकाच्या ब्रोकरने हे स्वतःहून सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

पैशाचं बोलायचं तर 80 लाखाच्या फ्लॅटला 1 टक्का म्हणजे 80,000, त्यावर 18 टक्के जीएसटी लागला तर 94,400. ऐकायला जास्त वाटतं. पण पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी, हे त्यानेच सुचवलं आणि तिथेच 80,000 वाचले. 50 लाख किंवा वरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या पैशातून कापायचा कर) घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, ते पण त्यानेच आठवण करून करवून घेतलं.

नवीन प्रोजेक्टचं गणित मात्र वेगळं. तिथे एजंटला म्हणजे चॅनल पार्टनरला कमिशन बिल्डर देतो, तुमच्या खिशातून वेगळं जात नाही, त्यामुळे थेट गेलो की तेवढे कमी होतील असं धरून चालू नका, आणि सेल्स ऑफिसमधला माणूस तर बिल्डरचा पगारी असतो. पण त्याच कारणाने चॅनल पार्टनरला पूर्ण 'आपला' मानू नका, जिथे कमिशन जास्त तिकडे तो नेणार, म्हणून 3-4 प्रोजेक्टची तुलना करायला लावा. अजून एक, पहिली साइट व्हिजिट एकट्याने केली की तुमचं नाव 'डायरेक्ट' म्हणून नोंदवतात आणि नंतर नेलेल्या एजंटला बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत, तेव्हा एजंट ठरवायचा असेल तर आधीच ठरवा. बाकी इथे खरा आधार महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, प्रोजेक्टचा नंबर साइटवर टाकून बघा आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंटआधी 10 टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कायदाच आहे.

नातेवाइकाकडून किंवा आपल्याच बिल्डिंगमधला फ्लॅट घेत असाल तर एजंट नको, फक्त वकील करा. वकील तसाही सगळीकडेच हवा, टायटल सर्च, म्हणजे मालकी हक्काची तपासणी, एजंटवर सोडायचं काम नाही.

माझं मत विचाराल तर रीसेलला स्वतःचा एजंट घ्याच, पहिल्यांदा घेत असाल तर नक्कीच. धरताना त्याचा महारेरा नंबर विचारा, नोंदणीशिवाय एजंटला रेराखालच्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकून देता येत नाही. फी किती, कधी द्यायची आणि समोरच्याकडून काही घेणार का, हे पहिला फ्लॅट बघायला निघायच्या आधी लिहून घ्या, आणि आपलं वरचं बजेट समोरच्या ब्रोकरला अजिबात सांगू नका.