लेकरासाठी पलंग: बॉक्स, बंक, कॉट की बाज?

लेकरू शाळेत जायला लागलं आणि त्याला वेगळं झोपवायचं ठरलं की घरात पलंगाचा विषय निघतो. दुकानात मोटारीच्या आकाराचे, रंगीत चित्रांचे पलंग मांडलेले असतात आणि लेकरं तिथेच हट्ट धरतात. पण परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि रात्री अकरालाही स्लॅब निवलेला नसतो. त्यामुळे पलंग कोणताही बघा, मी दोनच गोष्टी आधी विचारते: गादीला खालून हवा लागते का, आणि लेकरू छतापासून किती खाली झोपणार?

आम्ही लेकीसाठी पहिल्यांदा बॉक्स पलंग घेतला. कारण जागेचंच होतं. वाकळा, स्वेटरं, जुनी वह्या-पुस्तकं सगळं पोटात मावतं. पण गादीखाली सलग बंद फळी. उन्हाळ्यात लेकीची पाठ घामाने ओली व्हायची, रात्री दोनला उठून ती गार फरशीवर जाऊन झोपायची. पावसाळ्यात गादी उचलली तर खाली बुरशीचे काळे ठिपके. पलंग इतका जड की मागचा केर महिनोन्‌महिने तसाच. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आमच्या लेकीची सहा-सात तासांवर यायची आणि शाळेत पेंग.

तरीही जागेअभावी बॉक्सच घ्यायचा असेल, तर वर उचलायच्या झाकणाचा नको, खणांचा घ्या. ते झाकण लेकराच्या बोटांवर किंवा मानेवर पडू शकतं. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांचा असेल तर ई-वन किंवा ई-झिरो दर्जा विचारा, त्यातून वायू कमी सुटतो. या गोंदातून सुटणारा तो वायू म्हणजे फॉर्मल्डिहाइड, नव्या फर्निचरच्या उग्र वासात तो असतो. वास जाईपर्यंत काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा आणि लेकराला दुसरीकडे झोपवा.

बंक बेडबद्दल, म्हणजे एकावर एक दोन पलंगांबद्दल, माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे नको. दोन लेकरं आणि दहा बाय दहाची खोली असली की मोह होतो, हे मला कळतं. पण दहा फुटांच्या छताला पंखा लटकलेला असतो. वरच्या गादीवर उभं राहून लेकराने हात वर केला तर तो थेट पात्यांत. शिवाय गरम हवा वर साठते, म्हणजे तापलेल्या स्लॅबखाली सगळ्यात उकाड्याची जागा तीच. घेतलाच, तर सहा वर्षांखालचं लेकरू वर नको, कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा आणि कठड्याच्या फटी साडेतीन इंचांहून मोठ्या नकोत. अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांत हीच मापं आहेत.

लोखंडी कॉट सगळ्यात स्वस्त. वेल्डिंगवाल्याकडून हव्या त्या मापाची करून मिळते, खालून मोकळी असते, झाडू सहज फिरतो, वाळवीची भीती नाही. वर प्लायवूडची अखंड फळी टाकू नका, पट्ट्या बसवून घ्या. पाइपच्या टोकांना रबरी बूच आणि कोपरे घासून गोल, एवढं पैसे देण्याआधी हात फिरवून बघा. नट-बोल्ट ढिले झाले की कॉट करकरते आणि सावध झोपेचं लेकरू प्रत्येक कुशीला जागं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी पाना फिरवावा लागतो.

परवडत असेल तर सागवानाचा, चार पायांचा, पट्ट्यांचा साधा पलंग याला तोड नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पाच फुटी छोटा पलंग मात्र करू नका, बाराव्या-तेराव्या वर्षी तो अपुरा पडतो. सव्वासहा बाय तीन फुटांचा केला तर कॉलेजपर्यंत चालतो.

आणि बाज. सासूबाईंच्या माहेरी अजून अंबाडीच्या वाखाच्या दोरीने विणलेली आहे. उन्हाळ्यात गच्चीवर न्यायला तिच्यासारखं काही नाही; चारी बाजूंनी वारा लागतो. पण दोरी झोळते, म्हणून पायथ्याकडून ताणत राहावी लागते. रोजच्या झोपेला मी ती देणार नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको. त्याला सपाट, घट्ट अंथरूण आणि उशीशिवायची झोपच सुरक्षित.

फरशीवर गादी टाकली की पडायची भीती नाही, हे खरं. पण घराला लागून शेत असेल तर हा मार्ग सोडा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात येऊन चावते आणि तो चावा कित्येकदा जाणवतही नाही. उंच पलंग, गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी आणि जमिनीला न टेकणारी चादर, एवढ्याने विंचवालाही बराच अटकाव होतो.

गादी चार इंची कापसाची. ती घाम शोषते, उन्हात टाकता येते, गोळे झाले की पिंजून घेता येते. फोम स्वस्त असला तरी अंग तापवतो.

पलंग ठेवायचा कुठे, यावर आमच्या घरी वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, डोकं दक्षिणेला किंवा पूर्वेला हवं, उत्तरेला नको. माझं म्हणणं, पश्चिमेची भिंत टाळायची, कारण दुपारभर खाल्लेलं ऊन ती रात्री आत सोडते. पूर्वेच्या भिंतीला डोकं केल्यावर दोघींचंही समाधान झालं. कूलरचा झोत लेकराच्या तोंडावर न येता पायांकडून जाईल असा ठेवला. डोक्यावर फळी, माळा किंवा जड फ्रेम काही ठेवलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सगळे झोपेत होते. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. कपाटही भिंतीला पट्टीने आवळून घ्या.

खरेदीला जाताना टेप आणि लेकरू दोन्ही सोबत न्या. त्याला पलंगावर दहा मिनिटं लोळू द्या, कुशी बदलायला सांगा, आणि तुम्ही कान देऊन करकर ऐका.