भोमातला रस्त्याकडेचा भाजीपाव: खाऊन या, आणि थोडं थांबून मामीशी बोलून पण या

पणजी फोंडा रूटवर रोज ये जा करणाऱ्यांनी हे हॉटेल शंभर वेळा बघितलेलं असणार, पण बोर्ड नाही त्यामुळे कळत नाही. बाणस्तारीचा पूल उतरून कुंडईच्या बाजूला निघालं की भोम लागतं, तिथे रस्ता अजून दोनच पदरी आहे आणि दोन्ही बाजूंना घरं अगदी रस्त्याला लागून, तिथल्याच एका कौलारू घराच्या पडवीत चार बाकं आणि दोन टेबलं टाकून मामी हे चालवते. मी राहते रायबंदरला आणि कामाला कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, नऊ वर्षं झाली आठवड्यातून तीन चार दिवस माझा नाश्ता इथेच असतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूया.

पहिलं खाण्याचं. वाटाण्याची पातळभाजी. पांढरे वाटाणे रात्री भिजत घातलेले, आणि वाटप रोजच्या रोज ताजं, खोबरं धणे मिरी लवंग सगळं भाजून. ते खोबरं भाजल्याचा वास साडेसहाला बसमधून उतरलं की रस्त्यावरच येतो. रस्सा दाट पण पिठाळ नाही, वाटाणा बोटाने दाबला तर मऊ पण साल सुटलेली नाही, हे जमवणं सोपं नाही, मी घरी कितीदा करून बघितलंय. सुकी भाजी बटाट्याची, साधी, हळद मोहरी हिरवी मिरची. दोन्ही एकत्र घेतली की मिक्स. सोमवारी आळसांद्याचं (चवळीसारखं कडधान्य) तोणाक म्हणजे वाटप घातलेली दाट रस्साभाजी असते आणि त्या दिवशी मी ऑफिसला उशीर झाला तरी उतरतेच. पाव पोदेर म्हणजे पाववाला पहाटे आणून देतो, गोल कडक सालीचे उंडे आणि कातरे पाव दोन्ही, उंडा घ्या, वरचं कडक साल मोडून रश्शात टाकायचं आणि आतला मऊ भाग शेवटाला. मिरचीची भजी गरम असतानाच. चहा गोड असतो, कमी साखर हवी तर आधी सांगा, मामी वेगळा करून देते आणि कधी तोंड वाकडं करत नाही.

मिक्स भाजी आणि दोन पाव ५० रुपये. पणजीत याच्या दीडपट देऊन पण असं मिळत नाही.

सर्विस म्हणजे मामी स्वतः, तिचा मुलगा गल्ल्यावर आणि सून आत. कोणाला काय लागतं हे मामीच्या डोक्यात पक्कं असतं. ट्रकवाले, कदंबाच्या सरकारी बसचे ड्रायव्हर, इस्टेटीतले कामगार, देवदर्शनाला मंगेशी म्हार्दोळला निघालेली मंडळी, सगळे एकाच बाकावर. गणेश चवथीच्या आधी बाणस्तारीला माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार भरतो तेव्हा तर पहाटे चारला हॉटेल उघडतं, डोंगरातून कांगलांसारखी रानफळं, सुपारीची शिपटी (घड) घेऊन येणारे लोक आधी इथे चहा पितात आणि मग बाजारात जाऊन बसतात.

आता रस्त्याचं, कारण ते सोडून या हॉटेलबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही. हा जुना नॅशनल हायवे ४ ए, आताचा ७४८, बेळगावहून अनमोड घाट, मोले, फोंडा करत पणजीला जाणारा हायवे. तो इथे चार पदरी करायचाय हे भोमवाले कित्येक वर्षं ऐकताहेत. गावातल्या लोकांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, रस्ता करा पण बायपास करा, गावाच्या मधून नको. सरकारचं म्हणणं, उड्डाणपूल केला की घरं फार जाणार नाहीत, मोजकीच जातील. यावर मोर्चे झाले, ग्रामसभा झाल्या, देवळात बैठका झाल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चार घरांसाठी सगळ्या गोव्याचा रस्ता अडवलाय. मी पण सुरुवातीला असंच म्हणायचे, खरं सांगते, कारण मी स्वतः त्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकते आणि या पट्ट्यात अपघात होतात ते पण बघितलेत, रस्ता हवाच आहे.

पण एक दिवस पावसात बस आलीच नाही आणि मी दोन तास मामीकडे बसून राहिले. तेव्हा तिने पडवीचा चिऱ्याचा खांब दाखवला. खांबाच्या खालच्या अंगाला लाल पेंटचा बाण आणि दोन आकडे. कोण मारून गेले ते तिला सांगितलं नव्हतं, ती सकाळी झाडायला गेली तेव्हा दिसलं. तिने नारळाच्या काथ्याने घासून बघितलं, चिऱ्याच्या भोकांत पेंट भिनलेला, निघत नाही. आता तिथे ती सकाळी दोन अबोलीची फुलं ठेवते. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाय, नाहीतर नजर सारखी तिथेच जाते."

मुलाने नंतर जे समजावलं ते जास्त महत्त्वाचं. नॅशनल हायवे कायदा १९५६ चा. जमीन घ्यायची नोटीस निघाली की हरकत घ्यायला २१ दिवस. भरपाई देताना कमाईचं नुकसान पण धरायचं असं कायद्यात आहे, पण ते ज्याची जमीन संपादनात जाते त्याच्यासाठी. आता यांची जागा संपादनात जाईल की नुसती पुलाच्या सावलीत राहील हे त्यांना कोणी नक्की सांगत नाही. गेली तर घर जाईल. नाही गेली तर घर राहील, पण गाड्या डोक्यावरून निघून जातील आणि भरपाईच्या यादीत यांचं नावच नसेल. या बाकावर माणूस बसतो तो इथे गाडी स्लो होते म्हणून, वरून ऐंशीने जाणारा कोण उतरून चहा प्यायला येणार.

आणि घर तरी कोणाच्या नावावर? हे मुंडकाराचं घर, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्याचं, जमीन भाटकाराची म्हणजे जमीनदाराची. १९७५ चा मुंडकार कायदा आहे, घराखालची जागा विकत घेता येते, पण मामलेदाराकडे केस मामीच्या सासऱ्यांनी घातली ती अजून चालूच आहे, सासरे गेले. एक चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) भाटकाराचं नाव पहिलं. गोव्यात असली कितीतरी घरं आहेत आणि नकाशावर रेघ मारणाऱ्याला ती मोजताना 'एक बांधकाम' एवढंच दिसतं. मला याचा मनापासून राग येतो.

पाण्याचं पण आहे. घराच्या मागे विहीर, त्याच्या मागे चढ. पावसात वरचं पाणी उतरतं, रस्त्याखालच्या मोरीतून खाली शेतात जातं. पूल खांबांवर असला तर ठीक, पण पुलाला दोन्ही टोकांना चढायला उतरायला मातीचा भराव आणि त्याला भिंत लागतेच, ती नेमकी कुठे येणार यावर कोणाच्या अंगणात पाणी तुंबणार ते ठरेल. हे मोरीतलं पाणी जून ते सप्टेंबर रोज बघणाऱ्या माणसाला विचारावं असं कोणाला वाटलं नाही, असं मुलगा सांगत होता. देऊळ एका बाजूला, शेतं दुसऱ्या बाजूला, आता म्हाताऱ्या बायका हात दाखवून रस्ता क्रॉस करतात, उद्या कुठून करणार हा पण साधाच प्रश्न आहे.

पर्वरीला उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वर देवाचा जुना वड २०२५ मध्ये मुळासकट हलवला तेव्हा मामीने टीव्हीवर बघितलं होतं आणि त्या दिवशी हॉटेलात कोणी फार बोललं नाही. भाजी मात्र वेळेवर तयार होती.

जे लोक कमेंटमध्ये लिहितात ना, विकास नको का, त्यांनी एकदा येऊन या बाकावर बसावं. मामी कोणाला विरोध कर असं सांगत नाही. ती विचारते की बायपासचा सर्वे केला असेल तर तो गावाला दाखवा, आणि केला नसेल तर आधी करा. मला तरी यात आडमुठेपणा काही दिसत नाही.

आता बाकीचं पटकन. पार्किंग नाही, टू व्हीलर लावता येते, कार असेल तर जरा पुढे जाऊन लावा, वळणावर लावू नका. टॉयलेट नाही. गूगल पे चालतं पण नेटवर्क जातं, सुटे न्या. आत जागा कमी, लहान मुलं असतील तर त्यांना रस्त्याच्या बाजूला बसवू नका, ट्रक खूप जवळून जातात आणि धूळ येते, मामीने प्लास्टिकचा पडदा लावलाय पण पुरत नाही.

चवीला पाच पैकी पाच, माणसांना पाच, जागेला तीन.

सकाळी साडेसहा ते अकरा, रविवारी बंद. गुरुवारी बाणस्तारीचा बाजार असतो त्यामुळे त्या दिवशी साडेआठच्या आत पोचा, नंतर उंडे संपतात आणि मग कातरे पावच मिळतात.