सरदार की ललित, शेणखत की युरिया: जामाच्या पोषणमूल्याचा विचार

आपल्या विदर्भात जाम म्हणून ओळखला जाणारा पेरू लावायचे ठरले की पहिला प्रश्न वाणाचा येतो आणि खताचा विचार रोपे जगल्यानंतर सुरू होतो. फळातून खाणाऱ्याच्या शरीराला काय मिळणार, याची चौकशी मात्र क्वचितच होते. ती करायची असेल, तर वाण आणि खत यांचे काम वेगवेगळे आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

सरदार, म्हणजेच एल-४९, हा पुण्याच्या गणेशखिंड येथे १९२७ मध्ये निवडलेला पांढऱ्या गराचा वाण आहे, तर ललित हा लखनौच्या केंद्रीय संशोधन संस्थेने दिलेला गुलाबी गराचा. क जीवनसत्त्वापुरते पाहिले तर गराच्या रंगाने फारसा फरक पडत नाही. पांढऱ्या काय किंवा गुलाबी काय, १०० ग्रॅम पेरूत ते साधारणपणे २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि ही मात्रा प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेच्या दुपटीहून अधिक आहे. खरा फरक लायकोपीनचा आहे. टोमॅटोला लाल रंग देणारे हे द्रव्य ललितच्या गरात असते, सरदारमध्ये ते नसल्यातच जमा असते, आणि कितीही खत घातले तरी पांढरा गर गुलाबी होत नाही.

खताचा प्रभाव वाणाने आखून दिलेल्या मर्यादेतच चालतो, पण तिथे तो निश्चित जाणवतो. केवळ युरियावर जोर दिला, तर पालवी फोफावते, आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही, फळे मोठी पण पाणचट होतात आणि क जीवनसत्त्व घटते. उलट पालाश, म्हणजे पोटॅश, पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत पोहोचवण्यास मदत करते, म्हणून गोडी आणि क जीवनसत्त्व या दोन्हींना त्याचा फायदा होतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही, त्यामुळे तिथे झिंक सल्फेटची फवारणी अधिक उपयोगी पडते. नुसत्या शेणखताने फळातील जीवनसत्त्वे हमखास वाढतात, असे मी म्हणणार नाही. मात्र जमिनीची ओल धरण्याची शक्ती त्यानेच सुधारते, म्हणून ते पाया मानून रासायनिक खत माती परीक्षणानुसार बेताने द्यावे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या व क्षारयुक्त जमिनीच्या भागात, पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश निवडावे, कारण म्युरेटमधील क्लोराइड तिथे आधीच असलेल्या क्षारांत भर घालते.

या तुलनेत बहार, म्हणजे झाड फुलण्याचा हंगाम, मात्र विसरला जातो, आणि माझ्या मते तो खताच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा आहे. आंबिया बहाराची फळे पावसाळ्यात येतात. ती फिकी निघतात आणि त्यांना फळमाशीही लागते. मृग बहाराची हिवाळी फळे अधिक गोड असतात आणि क जीवनसत्त्वातही सरस ठरतात.

घरच्या मुलांसाठी आणि गावच्या बाजारासाठी चार-सहा झाडे लावणाऱ्याला सरदार पुरेसा आहे. रस किंवा गर विकण्याचा विचार असेल, तर मी ललितच निवडेन, कारण त्याचा रंग प्रक्रियेतही बऱ्यापैकी टिकतो. वाण कोणताही असला, तरी फळ पिकून मऊ पडण्याआधीच तोडावे आणि सालीसह खावे. क जीवनसत्त्व सालीत व तिच्यालगतच्या गरात सर्वाधिक असते आणि फळ जास्त पिकले की ते कमी होऊ लागते.