मोबिल वन ०डब्ल्यू-४०, जुन्या मियाटासाठी: टिकटिक गेली, आता दुसरं काही घालत नाही

माझ्याकडे ९४ ची माझदा मियाटा आहे, १.८ लिटर, मॅन्युअल गिअर. राहायला न्यू जर्सीत, त्यामुळे थंडीभर गाडी गॅरेजमध्ये आणि एप्रिलपासून दिवाळीपर्यंत रस्त्यावर. गेली बरीच वर्षं तिच्यात मोबिल वनचं एफएस ०डब्ल्यू-४० घालतोय, कॅनवर युरोपियन कार फॉर्म्युला लिहिलेलं असतं ना तेच. आपले मराठी गाडीवाले भेटले की हमखास विचारतात की जपानी गाडीत युरोपियन ऑइल कशाला, मॅन्युअलमध्ये तर १०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० दिलंय, म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

मुख्य कारण टिकटिक. पहिल्या पिढीची मियाटा (१९८९ ला शिकागो ऑटो शोमध्ये आली ती, पॉप-अप हेडलाइटवाली) ज्याच्याकडे आहे त्याला हा आवाज माहीतच असतो, सकाळी स्टार्ट केली की बॉनेटखालून टिक टिक टिक, शिलाई मशीन चालवल्यासारखा, कधी दोन मिनिटांत जातो कधी हायवेला लागेपर्यंत जात नाही. इंजिन गेलं की काय म्हणून लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा तो एचएलएचा आवाज असतो, म्हणजे हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर. या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हवर एक असे १६ आहेत. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) खाली एक बकेट, बकेटच्या आत एवढासा प्लंजर आणि चेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या प्रेशरने तो भरलेला राहतो आणि कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट आपोआप शून्यावर येते, म्हणून या गाडीत टॅपेट सेटिंग करावं लागत नाही. पण त्याच्यात ऑइल जायची भोकं फार बारीक. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की एखाद्यातलं ऑइल गळून जातं, हवा शिरते, किंवा जुन्या ऑइलचा चिकट थर भोकात बसतो, मग तो एक नीट भरत नाही आणि वाजायला लागतो. माझदाने १९९९ च्या मॉडेलपासून ही भानगडच काढून टाकली आणि साधे सॉलिड टॅपेट दिले, त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या गाडीत हा आवाज मिळणार नाही.

आता यात ऑइलने काय फरक पडतो. दोन गोष्टी लागतात, गार इंजिनात ऑइल लवकर वर पोचलं पाहिजे आणि तापल्यावर पातळ पडता कामा नये. ०डब्ल्यू वाचून लोकांना वाटतं हे पाण्यासारखं असणार. तसं नाही, डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त थंडीतल्या वागण्याचा आहे, ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ डिग्री सेल्सियसला होते आणि १०डब्ल्यूची उणे २५ ला. पुढचा आकडा १०० डिग्रीचा, तिथे ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (ऑइलच्या घट्टपणाचं माप) आणि ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५. म्हणजे तापल्यावर हे ऑइल मॅन्युअलमधल्या १०डब्ल्यू-३० पेक्षा जाडच आहे आणि गार असताना जास्त सहज वाहतं. शिवाय कॅनच्या मागे एसीईए ए३/बी४ (युरोपियन गाडी कंपन्यांच्या संघटनेचं ऑइलचं स्पेक) लिहिलंय बघा, माझ्या दृष्टीने समोरच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा ते महत्त्वाचं, कारण त्या स्पेकला १५० डिग्रीला आणि जोरात घासलं जात असताना व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद राहावी लागते, साध्या ३० ग्रेडला २.९ असली तरी चालते. ज्या गाडीला आपण मुद्दाम ६-७ हजार आरपीएमपर्यंत ओढतो तिला ऑइलची ही जाड फिल्म, म्हणजे भागांमधला थर, पाहिजेच. पोर्शेचं ए४० अ‍ॅप्रूव्हल पण आहे याला. त्याने मियाटा पोर्शे होत नाही पण ऑइलची परीक्षा कडक झालेली आहे एवढं कळतं.

९४ ची गाडी असल्याचा एक फायदा म्हणजे डॅशबोर्डवरचं ऑइल प्रेशर मीटर खरं आहे. ९५ पासून माझदाने तिथे नुसता स्विच लावला, प्रेशर आहे की काटा मध्यावर, नाही की खाली, मधलं काहीच दाखवत नाही. माझ्या गाडीत तापल्यावर आयडलिंगला काटा पूर्वी, म्हणजे घेतली तेव्हाच्या ५डब्ल्यू-३० वर, नको तितका खाली बसायचा, आता त्याच उन्हात त्याच सिग्नलला तीस पीएसआयच्या जवळपास राहतो. टिकटिक मात्र पहिल्याच चेंजला गेली नाही हे सांगायला पाहिजे, कमी झाली फक्त, आणि दुसऱ्या चेंजनंतर गेली. चांगलं सिंथेटिक जुना थर हळूहळू सोडवतं, म्हणून पहिल्या वेळी ऑइल भराभर काळं पडलं तर घाबरू नका, पहिला चेंज लवकर करा आणि फिल्टर प्रत्येक वेळी नवीन.

फिल्टरवरून आठवलं. ज्याने कोणी या गाडीत फिल्टरची जागा ठरवली त्याने तो स्वतःच्या हाताने कधी बदलला नसावा. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, पॅसेंजरच्या बाजूला, वरून हात जात नाही आणि खालून दिसत नाही. मी गाडी रॅम्पवर चढवतो, उजवं पुढचं चाक बाहेरच्या बाजूला वळवतो आणि चाकामागून हात घालतो. फिल्टर सुटला की ऑइल थेट फ्रेमवर सांडतं, म्हणून आधी खाली फॉइलची पन्हळ करून ठेवायची. ड्रेन बोल्टला १९ चा पाना, वायसर दरवेळी नवा, आणि बोल्ट आवळताना पहिलवानकी नाही, ऑइल पॅनचे आटे गेले तर मोठं काम निघतं. नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं आणि हातानेच घट्ट करायचं. हे सगळं करायला कटकट आहे म्हणून लोक क्विक ल्यूबवाल्याकडे जातात, आमच्या भागातल्या एकाकडे या गाडीचा जुना फिल्टर तसाच ठेवून नुसतं ऑइल बदललं गेलं होतं, वर काचेला ३,००० मैलांचा स्टिकर. त्यानंतर मी स्वतःच करतो.

आता इंटरव्हल, खरा वादाचा विषय. ३,००० मैल हा आकडा जुन्या मिनरल ऑइलच्या आणि कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे, आजच्या सिंथेटिकला तो लावणं म्हणजे पैसे ओतून देणं. मॅन्युअलमध्ये साध्या वापराला ७,५०० मैल दिलेत आणि कठीण वापराला त्याहून कमी. पण आपल्यासारख्यांच्या गाड्या मैल मोजून चालतच नाहीत हो, वीकेंडला काढायची, आइस्क्रीम खाऊन परत लावायची. अशा गाडीत मैल कमी आणि त्रास जास्त, कारण दहा मिनिटांत ऑइल पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ त्यात मिसळते ती उडून जात नाही, आणि मग आम्ल तयार होतं. झाकण उघडल्यावर आतून दुधट पिवळा थर दिसला तर समजायचं की गाडीला लांबची फेरी पाहिजे. म्हणून माझा नियम महिन्यांचा आहे, वर्षातून एकदा, आणि तोसुद्धा थंडीच्या आधी, गाडी उभी करण्यापूर्वी. बरेच जण एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढताना बदलतात, पण मग घाणेरडं ऑइल चार-पाच महिने बेअरिंगवर बसून राहतं त्याचं काय? ५,००० मैल आधी झाले तर तेव्हा, पण ते क्वचितच होतात.

अंदाजाने नको असेल तर फोर्ट वेनच्या ब्लॅकस्टोन लॅबला एक छोटी बाटली पाठवा, ते लोखंड, तांबं, शिसं, पेट्रोलचं प्रमाण, व्हिस्कॉसिटी सगळं लिहून देतात. माझा रिपोर्ट चांगला आला, धातू कमी, पण व्हिस्कॉसिटी ४० च्या खालच्या टोकाशी आली होती. हा या ऑइलचा खरा दोष म्हणता येईल, ० आणि ४० मध्ये अंतर मोठं असल्यामुळे तापल्यावर घट्टपणा टिकवणारे पॉलिमर जास्त लागतात आणि ते वापराने तुटतात. वर्षाच्या इंटरव्हलला चालून जातं, पण ट्रॅकवर नेणाऱ्याने लवकर बदलावं.

किंमत म्हणाल तर वॉलमार्टमध्ये ५ क्वार्टचा कॅन तीस डॉलरच्या आतबाहेर, गाडीला साधारण चार लागतं, उरलेलं टॉप-अपला. वापरलेलं ऑइल ऑटोझोनसारखी दुकानं फुकट घेतात, गटारात ओतू नका प्लीज. शेलचं रोटेला टी६ ५डब्ल्यू-४० पण मियाटावाल्यांमध्ये लोकप्रिय आहे, मी घालून बघितलंय आणि आवाज त्यानेही कमी होतो, फक्त ते मुळात डिझेलसाठीचं आहे, घेताना मागे पेट्रोलचं रेटिंग आहे का ते वाचा. महागडं रेसिंग ऑइल मात्र रस्त्यावरच्या गाडीत वर्षभर ठेवू नका, ते वारंवार बदलायच्या हिशोबाने बनवलेलं असतं. पुण्यातल्या मित्रांसाठी, तिकडे उणे तापमानाचा प्रश्न नाही, मोटुल ८१०० एक्स-सेस ५डब्ल्यू-४० मिळतं आणि तेही ए३/बी४ आहे, बिनधास्त घ्या.

अजून एक, सिंथेटिक घातल्यावर गळती सुरू होते ही ओरड. या गाडीत इंजिनच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे, त्याची ओ-रिंग कडक होते आणि ऑइल बेलहाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरवरून) खाली उतरतं, मेकॅनिक सांगतो रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आधी ती काही डॉलरची ओ-रिंग बदलून बघा, माझी तिथेच थांबली.

आणि दोन चेंज होऊन, हायवेवर चांगली तापवूनही टिकटिक राहिली तर ऑइल बदलत बसू नका, ते एचएलए काढून धुवा किंवा सुधारित भोकांचे नवे घ्या. त्यासाठी कॅम काढावे लागतात आणि टायमिंग बेल्ट सोडावा लागतो, तेव्हा ६०,००० मैलांचा बेल्ट जवळ आला असेल तर दोन्ही एकत्रच करून घ्या, मजुरी एकदाच लागेल.