बडोद्याहून पुण्याला: थेट की मुंबईत बदलून?

थेट गाड्या वसई–कल्याणमार्गे मुंबईला वळसा घालतात. वेळ जास्त लागतो, पण लोणच्याची बरणी एकदा बर्थखाली सरकवली की थेट पुण्यालाच काढायची. आईबाबा सोबत असतील तर मी दुसरा विचारच करत नाही.

सकाळची वंदे भारत मुंबईपर्यंत झकास धावते. पुढे मात्र पश्चिम रेल्वे सोडून मध्य रेल्वे गाठायची, म्हणजे बॅगा घेऊन दादरचा पूल आणि ती गर्दी! त्यात डेक्कन क्वीनच हवी असेल, तर ती संध्याकाळी; वाचवलेला वेळ तिथेच जातो. एकट्याने, हलक्या सामानानिशी निघाल्यास ठीक. दोन्ही पीएनआर जोडून घ्या: 2019 पासून, नियमात बसत असेल तर, चुकलेल्या दुसऱ्या गाडीचा परतावा मिळतो.