हाताने गिअर, पायाने वजन: परवडणारी स्पोर्ट्स कार निवडताना

परवडणारी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस माहितीपत्रकात दोन गोष्टी आधी शोधतो: गाडी मॅन्युअल गिअरबॉक्ससह मिळते का, आणि तिचे वजन पुढच्या व मागच्या चाकांवर कसे विभागले आहे. बहुतेक जण या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहितात. माझ्या मते त्या एकाच रकान्यात लिहायला हव्यात, कारण चालत्या गाडीत क्लच सोडणे, रेस देणे आणि ब्रेक दाबणे ही तिन्ही कामे शेवटी वजन पुढे-मागे सरकवण्याचीच असतात, आणि मॅन्युअल गाडीत ती सगळी चालकाच्या हातापायांकडे असतात. पुढे-मागे निम्मे-निम्मे वजन सांगणारा ५०:५० हा आकडा मात्र उभ्या गाडीचा असतो.

हिशेब करून पाहिला तर हे लगेच पटते. चालकासह ११०० किलो भरणारी, २.३१ मीटर व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी घ्या, तिचे वजन दोन्हीकडे समान आहे असे समजा आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटीमीटर उंच धरा. गुरुत्वाकर्षणाइतक्या मंदनाने, म्हणजे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांना जेमतेम झेपेल इतक्या जोराने ब्रेक दाबला, की सुमारे २१४ किलो भार मागून पुढे जातो. पुढच्या चाकांवर ७६४ किलो आणि मागच्यांवर ३३६ किलो उरतात, म्हणजे माहितीपत्रकातली ५०:५० गाडी वळणाच्या तोंडाशी जवळपास ७०:३० झालेली असते. भार किती सरकणार हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर, एकूण वजनावर आणि व्हीलबेसवर ठरते. उभ्या गाडीतली विभागणी फक्त सुरुवात कुठून होणार एवढेच सांगते.

या दृष्टीने पाहता माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी तुलनेची मोजपट्टी ठरते. १९८९ साली पहिली गाडी आली तेव्हापासून तिची मांडणी बदललेली नाही: इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेले, चालना मागच्या चाकांना, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत) जाणारी एक कडक चौकट, जिच्यामुळे क्लच सोडताना हे दोन भाग एकमेकांविरुद्ध पिळले जात नाहीत. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरीसुद्धा मागच्या डिकीत ठेवली होती, ती याच काटेतोल हिशेबापोटी. २०१५ पासूनची चौथी पिढी हजार किलोंच्या थोडी वरच भरते, आणि गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसत असल्यामुळे दात दातात बसल्याचे तळहाताला कळते. या पिढीच्या सहा गिअरच्या पेटीत सहावा गिअर १:१ आहे, म्हणजे त्या गिअरमध्ये ताकद कोणत्याही दातेरी जोडीतून न जाता सरळ पार जाते.

टोयोटा जीआर८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांची विभागणी ५३:४७ आहे. कागदावर ही हार वाटते, प्रत्यक्षात तसे नाही. या गाड्यांचे बॉक्सर इंजिन आडवे पसरलेले आणि खाली बसवलेले असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो, आणि पुढच्या चाकांवरचा थोडा जास्तीचा भार स्टीअरिंग वळवता क्षणी टायरला पकड देतो. मग ॲक्सिलरेटर दाबला की भार मागे येतो आणि समतोल साधला जातो. वजन १२७० ते १२९० किलोंच्या घरात, म्हणजे एमएक्स-५ पेक्षा दोन माणसांनी जास्त. त्या बदल्यात मागे दोन नावापुरत्या सीट मिळतात, ज्या पाडल्या की चार सुटे टायर आत मावतात. ट्रॅकवर जाणाऱ्याला ही सोय थट्टेची वाटत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे नाते या दोन गाड्यांत वेगळे आहे, आणि निवड बहुधा इथेच ठरते. २०१२ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या ८६ मध्ये दोन लिटरचे इंजिन होते आणि २०५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला ६४०० फेऱ्यांच्या पुढे मिळत असे. मधल्या फेऱ्यांत टॉर्कचा एक खड्डा होता, त्यामुळे थोडी घाई झाली की खालचा गिअर टाकावा लागे. २०२१ च्या दुसऱ्या पिढीत २.४ लिटरचे इंजिन आले आणि २५० न्यूटन मीटर ३७०० फेऱ्यांवरच मिळू लागले. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये राहूनही मागच्या चाकांवर भार आणता येतो. एमएक्स-५ चे दोन लिटरचे इंजिन सुमारे १८० अश्वशक्तीचे आहे आणि २०१९ च्या सुधारणेनंतर ते ७५०० फेऱ्यांपर्यंत जाते. गाडी हलकी असल्याने ते पुरते, पण हात दांड्यावर जास्त वेळ असतो. हा दोष की मजा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला ती मजा वाटते.

खालचा गिअर टाकणे म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. एमएक्स-५ मध्ये तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.०३५ आणि दुसऱ्याचे २.९९१ आहे, म्हणजे तिसऱ्यात इंजिन ४००० फेऱ्यांवर असताना दुसरा टाकला, तर त्याच वेगाला ते जवळपास ५९०० फेऱ्यांवर जायला हवे. जीआर८६ मध्ये १.५४१ वरून २.१८८ वर जाताना हाच आकडा ५७०० च्या आसपास येतो. क्लच सोडण्याआधी रेस देऊन हा फरक भरला नाही, तर इंजिनाला पळवण्याचे काम टायरांच्या गळ्यात पडते, तेही मागच्या, ज्यांच्यावर ब्रेक दाबलेला असताना तीस टक्केच भार उरला आहे. ओल्या रस्त्यावर ही चूक मी एकदा केली आहे: क्लच वर आला, मागून एक बारीकशी चिरकल्यासारखी कुरकुर ऐकू आली आणि गाडीची शेपूट हातभर बाजूला सरकली. काही बिघडले नाही, पण वजनविभागणीचा धडा त्या एका सेकंदात जितका कळला, तितका आकडे वाचून कळला नव्हता.

यासाठीच ब्रेकवर पाऊल ठेवून त्याच पावलाच्या कडेने रेस द्यायची पद्धत शिकावी लागते, आणि त्यासाठी पेडल कुठे आहेत हे महत्त्वाचे ठरते. चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ चे ॲक्सिलरेटर पेडल वरून लोंबत नाही, तळाला बिजागरीने जोडलेले आहे, त्यामुळे टाच टेकून पाऊल फिरवणे सोपे जाते. उंच माणसाने मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी: या पिढीचे स्टीअरिंग पुढे-मागे ओढण्याची सोय २०१९ च्या सुधारणेत आली, त्याआधीच्या गाड्यांत ते फक्त वर-खाली होते. गुडघा स्टीअरिंगला लागत असेल तर विभागणीचा आकडा कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही.

पुढच्या चाकांना चालना असलेल्या चपळ हॅचबॅक आणि सेडान, उदाहरणार्थ होंडा सिव्हिक टाइप आर किंवा ह्युंदाई एलांट्रा एन, यांचा हिशेब निराळा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे आडवे बसवलेले असल्याने साठ टक्क्यांहून अधिक वजन पुढे असते, गिअरचा दांडा केबलने जोडलेला असतो, आणि वेग घेताना भार नेमका चालना देणाऱ्या चाकांवरूनच निघून जातो. सुमारे ४२० न्यूटन मीटर टॉर्क पुढच्या दोन टायरांवर टाकणाऱ्या टाइप आरला म्हणूनच खास बनावटीचे पुढचे सस्पेन्शन आणि मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल द्यावे लागले. इतके असूनही तिच्या दांड्याची चाल केबलच्या गाड्यांत अव्वल मानली जाते आणि ती फक्त मॅन्युअलमध्येच मिळते. शिवाय खालचा गिअर टाकताना रेस आपोआप देण्याची सोय या दोन्ही गाड्यांत आहे आणि ती बंदही करता येते. एमएक्स-५ आणि जीआर८६ मध्ये ती नाही. घरात एकच गाडी असणार असेल, मागे खरोखरची माणसे बसणार असतील, तर मी संकोच न करता या वर्गाकडे बोट दाखवीन. गिअर चुकला तरी या गाड्या सहसा नाक बाहेर ढकलतात, शेपूट नव्हे, आणि नवशिक्याला ते सावरणे सोपे असते.

जुन्या गाड्यांच्या बाजारात आणखी दोन मांडण्या भेटतात. इंजिन सीटच्या मागे असलेली टोयोटा एमआर२ सरळ रेषेत उत्तम पकड घेते, कारण वजन चालनेच्या चाकांवरच असते. पण वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची जड बाजू लंबकासारखी फिरते. १९८९ साली आलेल्या दुसऱ्या पिढीची याबद्दल इतकी चर्चा झाली की काही वर्षांतच सस्पेन्शन बदलण्यात आले. हात बसलेला नसेल तर ही गाडी मी सुचवणार नाही. दुसरी मांडणी पोर्शे ९४४ ची: इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. विभागणी जवळपास समसमान, पण वजन दोन टोकांना, म्हणजे कावडीसारखे. कावड तोललेली असते, पण ती घेऊन गर्रकन वळता येत नाही. वळायला सुरुवात उशिरा होते आणि थांबायलाही. लांब महामार्गावरच्या वेगात हाच गुण स्थिरता म्हणून आवडतो. तेच समान वजन मध्यभागी गोळा झालेली एमएक्स-५ मात्र मनगटाच्या इशाऱ्यावर वळते, आणि दोन्हींचा आकडा जवळपास तोच. ९४४ चा क्लच बदलायचा तर मागचा गिअरबॉक्स आणि मधली लांब नळी सोडवून मागे घ्यावी लागते. खरेदीच्या किमतीत हे काम धरूनच सौदा करावा.

एकाच गाडीत मॅन्युअल की ऑटोमॅटिक, एवढाच प्रश्न असेल तर वजनाचा फरक फार नाही. जीआर८६ मध्ये ऑटोमॅटिक सुमारे वीस किलो जड आहे, आणि पूर्ण भरलेली पेट्रोलची टाकी त्याहून जास्त भरते. फरक नियंत्रणाचा आहे. रोज रांगेत तास-दीड तास क्लच दाबणाऱ्याने ऑटोमॅटिक घेतली तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

दोघांपुरती गाडी हवी असेल आणि सामान एका डिकीत मावत असेल तर एमएक्स-५, ट्रॅकवर जायचे असेल किंवा डोक्यावर छप्पर पक्के हवे असेल तर जीआर८६ किंवा बीआरझेड, असा माझा क्रम आहे. जीआर८६ घेताना टायर पाहावेत: अरुंद, २१५ मिलिमीटरचे टायर मुद्दाम दिलेले आहेत, म्हणजे पकडीची हद्द कमी वेगात आणि हळूहळू येते. आधीच्या मालकाने रुंद टायर चढवले असतील तर आपण चालवून पाहतो ती गाडी कारखान्याने तोललेली गाडी राहिलेली नसते.

वापरलेली गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला ती आधी गरम करून ठेवू नये असे सांगावे. इंजिन थंड असताना दुसरा गिअर थोडा अडणे चालते. पण तेल तापल्यानंतरही, वरून खाली दुसरा टाकताना करकर येत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर बसण्याआधी फेऱ्या जुळवणारी कडी, झिजला आहे. मग चौथ्यात कमी वेगाने जात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेऱ्या चढल्या पण वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतो आहे.